हिरामणजींची नाचती आरती

आसगावच्या विठ्ठलाच्या देवळात हिरामणजी चारचौघांसारखे सरळ चालत आत जातात. बाहेर मात्र उलटे येतात, आणि तेही नाचत. गाभाऱ्यातून सभामंडप, सभामंडपातून पायऱ्या, पायऱ्यांवरून विहीर आणि विहिरीवरून थेट डांबरी रस्ता, एवढी वाट हा सत्तरी ओलांडलेला गृहस्थ देवाकडे तोंड आणि जगाकडे पाठ करून, मागे मागे सरकत काढतो. दोन्ही बाजूंना आणखी दहाबारा माणसं, तशीच पाठमोरी, तशीच नाचत. एकदा पवनीला जाणारी पहाटेची एसटी या रांगेपायी अडकली. ड्रायव्हर हॉर्नवर ठेवलेला हात उचलेचना. हिरामणजींनी मान न वळवता आपला हात तेवढा वर केला आणि म्हणाले, "थांब गा, देव पाहून राहिला." एसटी थांबली. तेव्हापासून गाडीला उशीर झाला की आसगावचे लोक ड्रायव्हरला बोलत नाहीत, काकड्याला बोलतात.

नाचती आरती हा हिरामणजींचा स्वतःचा शोध. आता ती दिघोरीपर्यंत पोचली आहे आणि तिकडचे लोक ती आपलीच असल्याचं सांगतात, पण मूळ पुरुष हेच. शाळेच्या एका कार्यक्रमात त्यांची ओळख करून देताना मी 'नाचत्या आरतीचे आद्य प्रवर्तक' असं म्हणालो. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, "गुरुजी, थे काय म्हनले तुमी मले? चांगलंच हाय ना?"

मी या गावात बदलीवर आलो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच पहाटे भिंतीपलीकडून धप धप आवाज आला. मला वाटलं, कोणी कांडतंय. मुसळ असेल तर ते आपोआप थांबेल म्हणून मी पांघरूण डोक्यावर ओढलं. ते थांबलं नाही. शेवटी भिंतीवरून डोकावलो, तर धोतराचा काचा मारलेले, उघड्या अंगाचे हिरामणजी अंगणातल्या तुळशीकडे तोंड करून गोठ्याच्या दिशेने मागे मागे येत होते. गोठ्यातली गाय शांतपणे बाजूला झाली. तिला सवय होती.

"उठले का गुरुजी?" ते मागे न बघताच म्हणाले. "या मंग. उभ्या उभ्या देवाचं नाव घेऊन काय फायदा?"

त्यांचं देवाविषयीचं तत्त्वज्ञान दोनच वाक्यांचं आहे आणि ती दोन्ही वाक्यं ते दिवसातून निदान एकदा ऐकवतात. पहिलं, "देव काय तहसीलदार हाय का, त्याच्यापुढं हात बांधून उभं राहाले?" आणि दुसरं, "मुखानं तं पोपटबी म्हनते. पायानं म्हना." कोणी टाळ्यांत चुकला, कोणी जांभई दिली, कोणी आरती चालू असताना मोबाईल बघितला, की "पायानं म्हना" हे ठरलेलं.

आणि पायानं म्हणायचं म्हणजे काय, तर शेतातलं काम करायचं. हिरामणजींच्या नाचातली एकही चाल कुठल्या गुरूकडून आलेली नाही. धान रोवताना बाया चिखलात वाकून एका रांगेत मागे मागे सरकतात, हातातल्या पेंडीतून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, काढून लावतात आणि लावलेल्या ओळीवर पाय पडू देत नाहीत. तीच ही चाल. देवाला पाठ दाखवायची नाही आणि बाहेर तर यायचं आहे, मग याहून बरी चाल कुठली असणार? मध्येच एक गोल फेरा असतो, तो खळ्यात धान चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या, बैलांचा. हात वर करून खाली सोडायचे, ती उडवणी, वाऱ्यावर धान उफणायची. एखाद्याने रांग मोडली की हिरामणजी नाचतानाच ओरडतात, "रोवना वाकडा झाला गा." शेतात आयुष्य गेलेल्या माणसांना हे लगेच समजतं. मला समजायला दोन पावसाळे लागले.

सुरुवात झाली ती एका काकड्यात. कार्तिकातली पहाट, थंडी, सगळे घोंगड्यांत गुरफटलेले, निम्मे उभ्याने पेंगत होते. हिरामणजींच्या पायांना काय झालं कोण जाणे, ते एकदम नाचायला लागले. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष श्यामरावजी हे वजनदार गृहस्थ, सर्व अर्थांनी. ते गरजले, "देवळात दंडार नाई पायजे."

दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाचगाण्याचा खेळ. दिवाळीनंतर गावोगावी जत्रेसारखी मंडई भरते, तेव्हा तो रंगतो, आणि त्यात बायांची कामं पुरुषच लुगडी नेसून करत आले. हिरामणजी तरुणपणी अशा कामांसाठी पंचक्रोशीत नावाजलेले होते. श्यामरावजींचा टोमणा तिकडे होता. हिरामणजींनी त्यांना तहसीलदाराचं वाक्य ऐकवलं आणि नाचत राहिले. श्यामरावजी आठवडाभर रागाने बघत उभे राहिले. पण रागाने बघायचं म्हटलं तरी बघावं लागतंच. आठव्या की नवव्या पहाटे त्यांचा उजवा गुडघा हलायला लागला, मग डावा, आणि काकडा संपता संपता अध्यक्ष रांगेत. आता त्यांच्याइतका उत्साही नाचणारा दुसरा नाही. फक्त त्यांच्या दोन्ही बाजूंना थोडी जास्त जागा सोडावी लागते.

मलाही ओढलं गेलं. आधी माझ्या हातात टाळ दिले. ते काढून घेतले. मग रांगेत उभं केलं. तिथूनही काढलं. शेवटी हिरामणजींनी माझी योग्यता ओळखून मला रांगेच्या मागे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, तोंड करून उभं केलं. मागचं दिसत नसलेल्या या मंडळींना मागचं सांगायचं, हे माझं काम. "पायरी आली", "बकरी आहे", "विहीर डावीकडे", "मोटरसायकल लावली आहे, उजवीकडून घ्या." बीएड झालेल्या माणसाचा एवढा थेट उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

रस्त्यावर पोचलं की हिरामणजी हात जोडतात, मगच वळतात, धोतराने कपाळ पुसतात आणि मला विचारतात, "मागं कोन-कोन होतं?"

मला वाटायचं, त्यांना गर्दीचा अंदाज हवा असेल. मी नावं सांगायचो. ते ऐकत राहायचे. माझी नावं संपली तरी ते थोडा वेळ तसेच उभे असायचे आणि मग म्हणायचे, "बस, येवढेच?" हे वर्षभर चाललं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते गर्दी मोजत नव्हते. ते एकाच नावाची वाट बघत होते, आणि ते नाव त्यांच्या स्वतःच्या घरातलं होतं.

भागरथाकाकू, म्हणजे हिरामणजींची बायको, नाचत्या आरतीला कधीच येत नाहीत. देवाला येतात. दुपारी येतात, एकट्या, फूल वाहून, सरळ चालत जाऊन सरळ चालत परत. पण आरतीच्या वेळी त्या घरीच. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मले भात बसवाचा असते."

"एवढ्या पहाटे?"

"भाताले काय पाहाट-सांज असते काय, गुरुजी?"

काकूंशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून आसगावात जन्माला यायचा आहे. हिरामणजी तर त्या खटपटीतच पडत नाहीत. अंगणात ते नाचत असतात आणि काकू त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासत असतात, असं हे जोडपं. मी मनात म्हणायचो, एकाची पाठ जगाकडे, दुसरीची नवऱ्याकडे, छान संसार आहे.

मग एकदा बांधावर बसलो असताना मी हिरामणजींना सरळच विचारलं, "काकाजी, काकूंना एकदा बोलवत का नाही?"

ते धानाकडे बघत म्हणाले, "लगन झालं त्याच साली थिनं म्हनलं, तुमचा नाच मी पाहाले येनार नाई. आता थिनं म्हनलं नाई येत, मंग बोलवून कायले थिचं बोलनं मोडू?"

"आणि दंडार?"

"दुसऱ्या सालापासून सोडली. थिनं सोड नाई म्हनलं. मीच सोडली. मजाच नाई राहिली." मग थोडं हसून म्हणाले, "म्हतारपनी वाटलं, देवापुढं नाचलो तं येईन. देवाले तं नाव ठेवता येत नाई ना, गुरुजी."

मी ज्याला आद्य प्रवर्तक म्हणून हारतुरे घातले होते, त्याचं सगळं प्रवर्तन घरातल्या एका माणसाने देवळापर्यंत यावं म्हणून होतं. मला हिरामणजींची फार माया वाटली आणि काकूंचा थोडा राग आला.

हा राग पुढे टिकला नाही, आणि त्याला कारण पवनीची भजन स्पर्धा.

स्पर्धेत भाग घ्यायचं श्यामरावजींनी ठरवलं. हिरामणजींची एकच अट होती, समोर देव पाहिजे. स्टेजवर पोचल्याबरोबर त्यांनी संयोजकांना विचारलं, "देव कोठी हाय?" संयोजकांनी मागच्या पडद्यावर लटकवलेली विठ्ठलाची तसबीर दाखवली. झालं. आमच्या मंडळाने तसबिरीकडे तोंड केलं आणि परीक्षकांकडे पाठ. सभागृहाला आसगावच्या दहाबारा पाठी दिसू लागल्या, त्यातली एक श्यामरावजींची. निवेदक दोनदा म्हणाले, "मंडळाने कृपया प्रेक्षकांकडे तोंड करावे." हिरामणजी थांबले नाहीत. "देवाले इकडं बसवा, मंग करतो," म्हणाले.

इथवरही ठीक होतं. पण आरतीचा शेवट आला आणि मंडळ सवयीप्रमाणे देवापासून मागे मागे यायला लागलं. आमच्या देवळाला पायऱ्या आहेत, स्टेजला नव्हत्या. मी खालून ओरडलो, "काकाजी, बस, कड आली." हिरामणजी थांबले. रांग थांबली. श्यामरावजी तल्लीन झाले होते. ते थांबले नाहीत. स्टेजला लागूनच परीक्षकांचं टेबल होतं, त्यावर चहा होता, आणि अध्यक्ष त्या दोन्हींवर अवतरले. परीक्षकांच्या खुर्च्या मात्र तोवर बऱ्याच मागे गेल्या होत्या, त्यामुळे जीवितहानी टळली. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. निकाल सांगताना एका परीक्षकांनी आसगावच्या मंडळाची भक्ती फार अंगावर येणारी आहे, असा अभिप्राय दिला. परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळे तोंड पाडून बसले होते. एकटे हिरामणजी खुशीत होते. "देवानं पाहालं ना," ते म्हणाले, "मंग झालं."

दुसऱ्या दिवशी काकू वाटीभर वरण घेऊन माझ्या दारात. वरण निमित्त होतं. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "शामरावजी कशे पडले, सांगा."

मी सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. पुन्हा सांगायला लावलं, पुन्हा हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "आन् हे?"

"हे म्हणजे?"

"हे म्हंजे हे. हे नाई पडले ना?"

"काकाजी नाही पडले. मी ओरडलो ना."

"वयाचं भान नाई मानसाले," काकू म्हणाल्या. मग हळूच, "चांगले नाचले का?"

"तुम्हीच एकदा येऊन बघा की."

"मी नाई येत. मी सांगतलं हाय त्याईले." आणि मग, मी न विचारता, त्यांनीच सगळं सांगितलं. लग्नानंतरची पहिली मंडई. त्या नव्या नवरीच्या लुगड्यात बायांमध्ये बसलेल्या. हिरामणजी दंडारीत आले, तेही लुगड्यात. शेजारची एक बाई मोठ्याने म्हणाली, तुयापेक्षा तं तुया नवऱ्यालेच लुगडं शोभते, आणि सगळ्या बाया हसल्या. काकू तिथून उठल्या त्या घरीच आल्या. "रागात बोलली मी. मंग बोलली तं बोलली. पन त्याईनं एकदा तरी म्हनावं ना, चाल म्हनून. इतके साल झाले, एकदाबी नाई म्हनलं."

म्हणजे हे बोलवत नाहीत कारण त्या येत नाहीत, आणि त्या येत नाहीत कारण हे बोलवत नाहीत. मी डोक्याला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. उगीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काकू, काकाजींना तर मागचं काहीच दिसत नाही. तुम्ही येऊन गेलात तरी त्यांना कळायचं नाही."

काकू रिकामी वाटी घेऊन उठल्या. "वरनात हिंग जास्त झाला का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

कार्तिक पौर्णिमेला काकड्याची समाप्ती असते. त्या पहाटे धुकं इतकं होतं की विहीर दिसत नव्हती. देवळात गर्दी मावत नव्हती. मी माझ्या जागी, रांगेमागे, उभा होतो. आत आरती टिपेला पोचली आणि माझ्या बाजूला कोणीतरी येऊन उभं राहिलं. शालीत डोक्यापासून गुंडाळलेलं. मी वळून बघितलं.

"सांगाचं नाई, गुरुजी," भागरथाकाकू म्हणाल्या.

रांग पायऱ्या उतरली. मधोमध हिरामणजी, हात वर करून खाली सोडत, एक एक पाऊल मागे येत होते. काकू त्यांच्या बरोबर मागे, वाटेतच उभ्या होत्या. मी त्यांना बाजूला व्हा म्हणणार होतो. काकू बाजूला झाल्या नाहीत. हिरामणजींची पाठ हातभर अंतरावर आली तेव्हा त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. मग दुसरं. किंचित वाकून, तालावर, लावलेल्या ओळीवर पाय पडू नये तसं. आयुष्यभर रोवणा केलेल्या त्या बाईला ही चाल कोणी शिकवायची गरजच नव्हती. तो पुढे, ती मागे, दोघंही मागे मागे, आणि त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे बघता बघता मी विहीर सांगायची विसरलो आणि श्यामरावजी तिच्या कठड्यावर जाऊन बसले.

रस्ता लागायच्या आधीच काकू वळल्या आणि भराभर घराकडे गेल्या. हिरामणजींनी हात जोडले, वळले, कपाळ पुसलं.

"मागं कोन-कोन होतं?"

मी नावं सांगितली. एक सोडून सगळी.

"बस, येवढेच?"

"एवढेच," मी म्हणालो. खोटं बोलताना मला इतका त्रास आजवर झाला नव्हता.

समाप्तीच्या दिवशी चहा त्यांच्याकडेच असतो. आम्ही ओसरीत बसलो. हिरामणजी बसलेल्या आवाजात, पण नेटाने, आरती चांगली झाल्याचं सांगत होते. यंदा रोवणा कुठेच वाकडा झाला नाही, म्हणाले. काकूंनी आतून कपबशा आणल्या. माझ्यापुढे एक ठेवली, त्यांच्यापुढे एक ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "डावा पाय उशिरा पडते."

"कोनाचा?"

"तुमचा."

हिरामणजींनी मान वर करून बघितलं.

"आताच नाई," काकू म्हणाल्या, "पयलेपासूनच. लगनाच्या आधी आमच्या गावच्या मंडईत नाचले होते तुमी, तवाबी उशिराच पडे. मायनं इचारलं मले, पोरगा पसंत हाय का. मी म्हनली, डावा पाय तेवढा उशिरा पडते, बाकी बरा हाय."

हिरामणजींनी हातातली बशी खाली ठेवली. काकूंच्या शालीवर अजून धुक्याचे थेंब होते. हिरामणजींनी ते बघितले, मग माझ्याकडे बघितलं, आणि मी घाईघाईने माझ्या चहात बघितलं. हा माणूस आता रडणार, असं मला वाटलं. तो रडला नाही. नवरदेवासारखा लाजला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असं लाजताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"संध्याकाळच्या आरतीले येशीन?" त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं. "डावा पाय दुरुस्त कराले."

काकूंनी पदर सारखा केला. "येईन," त्या म्हणाल्या. "चाय घ्या आधी, थंडी होऊन राहिली."

मी कप ठेवून उठलो. बसा गुरुजी, असं कोणी म्हटलं नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.